१६ रंगांची ठरलेली पॅलेट आणि मऊ कडा: पारदर्शकता आधी सोडवायची की रंग?

करकरीत_कड

काम असं आहे. बरेच आयकॉन आणि स्प्राइट (गेममधली छोटी चित्रं) आहेत, सगळे ३२-बिट पीएनजी. कडा मऊ आहेत, काहींच्या खाली पुसट सावली आहे. हे सगळं १६ नोंदींच्या एकाच पॅलेटमध्ये (रंगांच्या क्रमांकवार यादीत) बसवायचंय. ० क्रमांकाची नोंद पारदर्शक, १ ते १५ मध्ये रंग. रंग आधीच ठरलेले आहेत आणि त्यांचा क्रम बदलता येत नाही, कारण पुढचा प्रोग्रॅम रंग बघतच नाही, फक्त क्रमांक वाचतो.

चित्र थेट इंडेक्स्ड मोडमध्ये (जिथे पिक्सेलमध्ये रंगाऐवजी पॅलेटमधला क्रमांक असतो) नेलं की तीन अडचणी येतात. कडेला फिकट पिक्सेलची किनार उमटते. सावलीचा एकतर ठोकळा होतो किंवा ती पूर्ण गायब होते. आणि सेव्ह केलेल्या फाइलमध्ये रंगांचे क्रमांक हललेले असतात. कोणत्या क्रमाने काय करायचं आणि कोणतं टूल कशाला वापरायचं, ते सांगाल का?

शून्यइंडेक्स

पारदर्शकता आधी, रंग नंतर. उलट केलंत तर कितीही चांगलं टूल घेतलंत तरी कडा बिघडणारच. बहुतेक टूल दोन्ही कामं एका बटणात उरकतात, गोंधळ तिथेच सुरू होतो.

तुमच्या पॅलेटमध्ये पारदर्शक नोंद एकच आहे. म्हणजे पिक्सेल एकतर आहे किंवा नाही, अधलंमधलं काही नाही. मूळ चित्रात मात्र अल्फाच्या (पिक्सेल किती अपारदर्शक, त्या आकड्याच्या) ० ते २५५ अशा २५६ पातळ्या आहेत. प्रत्येक पिक्सेल आत ठेवायचा की बाहेर, हा निर्णय रंगांना हात लावण्याआधी घ्यायचा. माझा क्रम असा:

१. आकार बदलायचा असेल तर तो सगळ्यात आधी, पूर्ण रंगात. इंडेक्स्ड झालेलं चित्र लहान-मोठं करताना क्रमांकांची सरासरी काढता येत नाही. ३ आणि ९ क्रमांकांच्या मधला रंग ६ क्रमांकावर असतो असं थोडंच आहे! म्हणून तिथे जवळचा पिक्सेल उचलण्याखेरीज मार्ग नसतो आणि रेषा तुटतात.

२. कडांचं निदान. याबद्दल खाली लिहिलंय.

३. अल्फाला थ्रेशोल्ड (उंबरठा) लावून ० किंवा २५५ करणं.

४. पूर्ण पारदर्शक पिक्सेलखाली दडलेले रंग पुसून एकच रंग भरणं.

५. मग पॅलेटवर उतरवणं.

६. क्रमांक तपासणं.

आता किनारीबद्दल. कडेच्या पिक्सेलमध्ये लाल-हिरवा-निळा हे आकडे वेगळे आणि अल्फा वेगळा साठवलेला असतो. चित्र नीट बनलेलं असेल तर लाल गोलाच्या कडेवरचा पिक्सेलही पूर्ण लालच असतो, फक्त अल्फा कमी असतो. अशा चित्राच्या अल्फाला थ्रेशोल्ड लावलात की कड स्वच्छ निघते, किनार येतच नाही. किनार दिसते तेव्हा मूळ फाइलमध्येच काहीतरी आधी मिसळलेलं असतं. किनारीच्या रंगावरून कारण ओळखता येतं.

फिकट, पांढरट किनार असेल तर चित्र कधीतरी पांढऱ्या पार्श्वभूमीवर सपाट केलं गेलंय आणि मग कापून काढलंय. (२००, ३०, ३०) हा लाल अर्ध्या अल्फाने पांढऱ्यावर बसला की (२२७, १४२, १४२) होतो. तोच गुलाबी रंग कडेला चिकटून राहिलेला असतो.

काळपट किनार असेल तर उलटं घडलंय. रंग आधीच अल्फाने गुणलेले होते आणि वाचणाऱ्या प्रोग्रॅमने ते न गुणलेले समजून घेतले. तोच लाल मग (१००, १५, १५) होऊन बसतो.

भलत्याच रंगाची किनार, विशेषतः गर्द गुलाबी, असेल तर (२५५, ०, २५५) हा पारदर्शकतेची खूण म्हणून आधी भरला आणि त्यानंतर कोणीतरी चित्राचा आकार बदलला किंवा मधे जेपीजी केलं.

पांढऱ्याच्या बाबतीत उपाय आहे. दिसणाऱ्या रंगातून पार्श्वभूमीचा वाटा वजा करायचा आणि अल्फाने भागायचं. अल्फा ०.५ असेल तर (२२७ − १२७.५) ÷ ०.५ = १९९, म्हणजे मूळ २०० जवळपास परत मिळाला. अल्फा फार कमी असेल तर भागाकारात चूक फुगते. ०.१ ला ती दहापट होते. पण ते पिक्सेल पुढे थ्रेशोल्डमध्ये उडणारच आहेत, तेव्हा त्याची काळजी नको. हे जमत नसेल तर अल्फा चॅनेल एक पिक्सेल आत ओढा. आकृती किंचित बारीक होईल, किनार जाईल.

करकरीत_कड

निदान जुळलं. काही फाइलींना पांढरट किनार आहे, काहींना काळपट. वेगवेगळ्या ठिकाणाहून आलेल्या आहेत, म्हणजे दोन्ही कारणं आहेत.

थ्रेशोल्ड कितीला ठेवू? ५० टक्क्यांना ठेवला की बारीक रेषा तुटतात.

शून्यइंडेक्स

५० टक्के म्हणजे १२८. आकृतीचं क्षेत्रफळ साधारण तेवढंच राहतं म्हणून तिथूनच सुरुवात करायची. बारीक रेषांची अडचण वेगळी आहे. एक पिक्सेल जाडीची रेषा दोन पिक्सेलच्या बरोबर मधोमध पडली तर तिचा अल्फा दोन्हीकडे १२७-१२८ च्या आसपास वाटला जातो. थ्रेशोल्ड एका आकड्याने इकडेतिकडे झाला की रेषा एकतर दोन पिक्सेल जाड होते किंवा नाहीशीच होते. त्यामुळे थ्रेशोल्ड ९० वर आणून रेषा वाचते खरी, पण बाकीच्या आकृत्या फुगतात.

मूळ व्हेक्टर फाइल (पिक्सेलऐवजी रेषा-आकारांची) हाताशी असेल तर रेषा पिक्सेलच्या जाळीवर सरकवून पुन्हा रास्टर (पिक्सेलचं चित्र) करा. एसव्हीजीमध्ये शेप-रेंडरिंगला क्रिस्पएजेस लावलं तर बहुतेक रेंडरर कड मऊ करतच नाहीत आणि थ्रेशोल्डची वेळच येत नाही. व्हेक्टर नसेल तर फक्त रेषा असलेला लेयर वेगळा काढून त्याला कमी थ्रेशोल्ड द्या. सगळ्या चित्राला एकच आकडा लावायचा अट्टहास नको.

जिंपमध्ये (मोफत चित्रसंपादक) थ्रेशोल्ड अल्फा हे लेयर > ट्रान्सपरन्सी खाली मिळतं. ते इंडेक्स्ड करण्याआधी वापरायचं, नंतर तो पर्याय उपलब्ध नसतो. त्याच मेनूत सेमी-फ्लॅटन आहे. तो अर्धपारदर्शक पिक्सेल पार्श्वभूमीच्या रंगात मिसळतो आणि पूर्ण पारदर्शक तसेच ठेवतो. चित्र नेहमी एकाच रंगावर दिसणार असेल तर सेमी-फ्लॅटन उत्तम, कड मऊ दिसते. पार्श्वभूमी बदलणार असेल तर मात्र तीच मऊ कड किनार बनून डोळ्यात खुपते. स्प्राइटला ते अजिबात नको.

ठिपकेवाला

सावलीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

सावलीला थ्रेशोल्ड लावायचाच नाही. तिचा अल्फा कुठेही ४०-५० टक्क्यांवर जात नाही, त्यामुळे १२८ वर ती पूर्ण उडते आणि ६० वर काळा ठोकळा होतो. सावली वेगळ्या लेयरवर घ्या आणि तिचा अल्फा डिदर करा. म्हणजे अर्धा अल्फा असेल तिथे एक सोडून एक पिक्सेल काळा, उरलेले पारदर्शक. जिंपच्या इंडेक्स्ड कन्व्हर्जनमध्ये एनेबल डिदरिंग ऑफ ट्रान्सपरन्सी अशी चौकट आहे, पण ती कडांनाही लागू होते आणि कडा दातेरी करते. म्हणून सावली आणि आकृती वेगवेगळ्या करून मगच एकत्र आणायच्या.

सावलीसाठी बायर मॅट्रिक्स (ठरलेल्या उंबरठ्यांची चौकोनी जाळी) घ्या, ४×४ पुरे. त्यात १६ उंबरठे असतात, म्हणजे पूर्ण रिकाम्यापासून पूर्ण भरलेल्यापर्यंत १७ पायऱ्या. छोट्या सावलीला याहून जास्त पायऱ्या दिसतही नाहीत. एरर डिफ्यूजन (प्रत्येक पिक्सेलची चूक शेजाऱ्यांना वाटणारं डिदरिंग) इथे नको. त्याचे ठिपके किड्यांसारखे वळवळत जातात आणि स्प्राइट सरकला की सावली लुकलुकल्यासारखी दिसते. बायरचा नमुना जागच्या जागी राहतो.

एक खबरदारी घ्या. चित्र दीडपटीसारख्या अपूर्णांकात मोठं करून दाखवलं जाणार असेल तर बायरच्या जाळीत पट्टे उमटतात. दुप्पट, तिप्पट चालतं.

अल्फाधारी

एक वेगळी शक्यता सुचवतो. शेवटी पीएनजीच वापरायचं असेल तर एकच पारदर्शक नोंद हे बंधन मुळात पीएनजीचं नाहीच, जीआयएफचं आहे. इंडेक्स्ड पीएनजीत पीएलटीई या भागात जास्तीत जास्त २५६ रंग असतात, प्रत्येकी ३ बाइट. सोबतच्या टीआरएनएस भागात प्रत्येक नोंदीसाठी १ बाइट अल्फा देता येतो. म्हणजे अर्धपारदर्शक लाल ही पॅलेटमधली स्वतंत्र नोंद होऊ शकते. टीआरएनएस पॅलेटपेक्षा आखूडही चालतो, उरलेल्या नोंदी अपारदर्शक धरल्या जातात. म्हणून पारदर्शक नोंदी पॅलेटच्या सुरुवातीला ठेवल्या की काही बाइट वाचतात.

१६ नोंदींत हिशोब असा बसतो: ५ रंग, प्रत्येकाच्या अल्फाच्या ३ पातळ्या (८५, १७०, २५५), अधिक १ पूर्ण पारदर्शक. ५ × ३ + १ = १६. आयकॉनला पाच रंग बरेचदा पुरतात आणि कडा मऊ राहतात.

हे हाताने करायला नको, पीएनजीक्वांट हे टूल करतं. दोन रंगांतलं अंतर मोजताना ते अल्फाही धरतं. १० टक्के अल्फाच्या पिक्सेलमध्ये लाल आकडा १०० ने चुकला तरी डोळ्याला १० चीच चूक दिसते. हे न समजणारी टूल जवळपास अदृश्य पिक्सेलवर पॅलेटच्या नोंदी उधळतात आणि मग चेहऱ्याच्या छटांना रंग उरत नाही. तुमचं थेट इंडेक्स्ड करणं फसतं त्याचं एक कारण हेही असू शकतं.

क्वालिटीला किमान-कमाल असे दोन आकडे देता येतात. किमान गाठता आलं नाही तर फाइल लिहिलीच जात नाही आणि प्रोग्रॅम ९९ हा एक्झिट कोड देऊन थांबतो. स्क्रिप्टमध्ये हा कोड पकडा, नाहीतर काही फाइली झाल्याच नाहीत हे लक्षातही येणार नाही. स्पीड १ ते ११, मुळात ४ असतो. आयकॉनसारख्या लहान चित्रांना १ देऊन टाकावा, वेळ असा कितीसा जातो!

शून्यइंडेक्स

अल्फाधारी, वेबसाठी तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण प्रश्नात क्रमांक ठरलेले आहेत. पीएनजीक्वांट पॅलेट स्वतः बनवतं आणि स्वतःच्या सोयीने लावतं, पारदर्शक नोंदी पुढे आणतं. तिथे १ ते १५ चा क्रम टिकणार नाही. शिवाय फक्त क्रमांक वाचणारा प्रोग्रॅम टीआरएनएस वाचेल याची खात्री काय?

अल्फाधारी

मान्य. क्रम महत्त्वाचा असेल तर पीएनजीक्वांट नको. इतर वाचकांसाठी उत्तर राहू देतो.

अनुक्रम

क्रमांक का हलतात, त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय.

जिंपमध्ये इमेज > मोड > इंडेक्स्ड मध्ये कस्टम पॅलेट निवडली की खाली न वापरलेले रंग काढून टाकण्याची चौकट असते आणि ती मुळात टिकलेली असते. एखाद्या चित्रात ७ नंबरचा रंग नसेल तर तो पॅलेटमधून गळतो आणि ८ चा ७ होतो. ती टिक काढा. तरीही पारदर्शक भाग असलेलं चित्र पीएनजीत एक्स्पोर्ट करताना पारदर्शक पिक्सेलना स्वतःची नोंद लागते. त्यासाठी जागा करताना क्रम पुन्हा हलू शकतो. सगळ्या २५६ नोंदी वापरात असतील तर जागाच उरत नाही, पारदर्शकता सोडून द्यावी लागते. हाताने करायची दोन-चार चित्रं असतील तर कलर्स > मॅप > रीअरेंज कलरमॅप वापरून क्रम परत लावता येतो. तो चित्राचं रूप न बदलता फक्त क्रमांक हलवतो. त्याच्या शेजारचा सेट कलरमॅप वेगळा आहे, तो क्रमांक तेच ठेवून रंग बदलतो. या दोघांत गल्लत करू नका.

एसप्राइटमध्ये (पिक्सेल-चित्रांचा संपादक) पारदर्शक क्रमांक स्प्राइट प्रॉपर्टीजमध्ये दिसतो, मुळात तो ० असतो. पॅलेटमध्ये ० वर तुमचा काळा बसला असेल तर चित्रातला सगळा काळा पारदर्शक होतो. डोळे आणि बाह्यरेषा गायब झाल्या की आधी हेच तपासायचं. उपाय म्हणजे ० वर वापरात नसलेला रंग ठेवून काळा पुढे सरकवणं.

बरीच चित्रं असतील तर स्क्रिप्टच लिहा. पायथनची पिलो लायब्ररी पुरते. रीत अशी:

अल्फा चॅनेल वेगळा काढून ठेवा. चित्र आरजीबीत बदला. पिलो इथे अल्फा नुसता टाकून देतो, पार्श्वभूमीत मिसळत नाही. आपल्याला नेमकं तेच हवंय, कारण कडेच्या पिक्सेलचा खरा रंग तसाच राहतो. मग फक्त १५ रंगांची पॅलेट देऊन क्वांटाइझ करा, म्हणजे प्रत्येक पिक्सेल जवळच्या रंगावर न्या. पारदर्शक नोंद या पॅलेटमध्ये घालायचीच नाही, घातली तर तिच्या रंगाजवळचे चांगले पिक्सेल तिच्यावर जाऊन बसतात आणि अंगात भोकं पडतात. पॅलेटच्या उरलेल्या २४१ जागा पहिल्याच रंगाने भरा, म्हणजे भलता काळा मधे घुसणार नाही. आता आलेल्या प्रत्येक क्रमांकाला नकाशा लावा: ० ते १४ ला १ मिळवा, १५ आणि पुढचं काही आलं तर तो पहिलाच रंग, म्हणून १ करा. शेवटी अल्फा १२८ पेक्षा कमी असेल तिथे ० लिहा. खरी १६ नोंदींची पॅलेट जोडा आणि सेव्ह करताना पारदर्शक क्रमांक ० द्या.

पिलोमध्ये तीन ठिकाणी पाय घसरतो. एक, पॅलेट देऊन क्वांटाइझ केलं की डिदरिंग मुळातच चालू असतं, नको असेल तर स्पष्टपणे बंद करावं लागतं. दोन, पॅलेट देऊन क्वांटाइझ फक्त आरजीबी किंवा ग्रेस्केल चित्रावर चालतं, अल्फा असलेलं चित्र दिलंत तर एरर येते. तीन, नुसतं पी मोडमध्ये (पिलोचा इंडेक्स्ड मोड) कन्व्हर्ट केलं तर पिलो जुनी वेब पॅलेट वापरतो, म्हणजे ६×६×६ = २१६ रंग, प्रत्येक चॅनेल ५१ च्या पटीत. चित्र रवाळ आणि भडक दिसलं की बहुधा हेच झालेलं असतं. ॲडॅप्टिव्ह (चित्रातल्या रंगांवरून बनलेली) पॅलेट मागितल्याशिवाय मिळत नाही.

ठिपकेवाला

१५ ठरलेल्या रंगांत डिदरिंगबद्दल थोडं विस्ताराने लिहितो, कारण टूलचे मूळ पर्याय इथे उपयोगी पडत नाहीत.

फ्लॉइड-स्टाइनबर्ग पद्धत १९७६ ची. प्रत्येक पिक्सेलची चूक शेजाऱ्यांना वाटायची: उजवीकडे ७/१६, खाली डावीकडे ३/१६, थेट खाली ५/१६, खाली उजवीकडे १/१६. चित्रासाठीच बनवलेल्या पॅलेटवर ती छान चालते. ठरलेल्या पॅलेटवर मात्र चित्रातला एखादा रंग पॅलेटच्या आवाक्याबाहेर असू शकतो. समजा, चित्रात झगझगीत नारिंगी आहे आणि पॅलेटमधला सगळ्यात भडक नारिंगी त्याहून मळकट आहे. मग चूक कधीच फिटत नाही, साठत जाते आणि नारिंगी भाग संपला की पुढच्या रंगात उजवीकडे-खाली ओघळ दिसतो. दोन उपाय आहेत. चूक पूर्ण न वाटता ७५-८० टक्केच वाटायची. आणि रंगाचे आकडे ० ते २५५ च्या बाहेर गेले की तिथेच कापायचे. जिंपमधला रिड्यूस्ड कलर ब्लीडिंग हा पर्याय याच दुखण्यासाठी आहे. बिल ॲटकिन्सन यांची पद्धत सहा शेजाऱ्यांना प्रत्येकी १/८ देते, म्हणजे चुकीचा पाव भाग मुद्दाम सोडून देते. त्यामुळे ओघळ कमी होतात आणि चित्र ठसठशीत दिसतं, पण अगदी उजळ आणि अगदी गडद भागांतले बारकावे जातात.

पारदर्शकतेशी याचा थेट संबंध आहे. स्वतः कोड लिहीत असाल तर पारदर्शक पिक्सेलला चूक द्यायचीही नाही आणि त्याच्याकडून घ्यायचीही नाही. नाहीतर त्याखाली दडलेला रंग कडेच्या आत झिरपतो. शून्यइंडेक्स यांच्या यादीतली चौथी पायरी म्हणूनच महत्त्वाची. इमेजमॅजिकमध्ये (कमांडने चालणारं चित्रांचं टूल) अल्फा या पर्यायाला बॅकग्राउंड दिलं की पूर्ण पारदर्शक पिक्सेलचे रंग पुसून एकसारखे होतात.

आणखी एक गोष्ट. इमेजमॅजिकचं ऑर्डर्ड डिदर ठरलेल्या पॅलेटसाठी नाही, ते प्रत्येक चॅनेलच्या समान पायऱ्या पाडतं. रीमॅपला (दिलेल्या पॅलेटवर उतरवणाऱ्या पर्यायाला) जोडून वापरलं तर दोनदा काटछाट होते. ठरलेल्या पॅलेटवर बायर हवं असेल तर एसप्राइटचं ऑर्डर्ड डिदर किंवा जिंपचं पोझिशन्ड घ्या.

खरं तर ३२×३२ किंवा त्याहून लहान आयकॉनना डिदरिंग लावूच नये असं माझं ठाम मत आहे. एवढ्या जागेत ठिपक्यांची सरासरी डोळ्याला लागत नाही, नुसती घाण दिसते. सपाट रंग ठेवा, दोन छटांच्या मधली रेषा हाताने नीट करा. डिदरिंग सावलीला आणि मोठ्या पार्श्वभूमीला.

वर्णपट

डिदर केल्यावर चित्र मूळपेक्षा उजळ दिसतं, असा अनुभव बऱ्याच जणांना येतो. त्याचं कारण गॅमा, म्हणजे रंगाचा आकडा आणि प्रकाश सरळ प्रमाणात नसणं. एसआरजीबीतला (पडद्यासाठीच्या नेहमीच्या रंगमापनातला) १२८ हा आकडा अर्धा वाटला तरी प्रत्यक्षात पडद्यावरून पूर्ण प्रकाशाच्या सुमारे २२ टक्केच प्रकाश येतो. साधं डिदरिंग १२८ ला अर्धे काळे, अर्धे पांढरे ठिपके देतं. त्यातून ५० टक्के प्रकाश येतो आणि तो १८८ च्या करड्यासारखा दिसतो. चूक वाटण्याआधी आकडे लिनियर (सरळ प्रमाणातल्या) प्रकाशात नेले की हे सुटतं. पॅलेटमधले शेजारचे रंग एकमेकांच्या जवळ असतील तर फरक जाणवत नाही, पण दोन-चार रंगांच्या पॅलेटमध्ये खूप जाणवतो.

जवळचा रंग कुठला, हे ठरवतानाही आरजीबीतलं सरळ अंतर फसवतं. गडद निळा आणि काळा आरजीबीत जितके दूर, तितके डोळ्याला नसतात, हिरव्याच्या छटा मात्र डोळा बारकाईने ओळखतो. १५ रंगांत असं चुकलं की त्वचेचे पिक्सेल करड्यावर जातात. स्क्रिप्टमध्ये अंतर ओकेलॅबमध्ये मोजा. ब्यॉर्न ओत्तोसोन यांनी २०२० मध्ये मांडलेली, डोळ्याला जाणवणाऱ्या फरकानुसार रंग मोजणारी ही पद्धत आहे. दोन मॅट्रिक्स आणि एक घनमूळ, एवढंच गणित. तेवढंही नको असेल तर निदान लाल, हिरवा, निळा यांच्या फरकांना ०.२९९, ०.५८७, ०.११४ असं वजन द्या.

शून्यइंडेक्स

ओकेलॅबला माझाही पाठिंबा. वजनांचा पर्याय मात्र जपून. ती वजनं उजळपणासाठी आहेत, निळ्याला इतकं कमी वजन दिलं की जांभळा आणि तपकिरी यांची अदलाबदल होते.

वर्णपट

बरोबर, वजनं मजबुरीतच. सगळे रंग उबदार असतील तर चालून जातात, जांभळा-निळा असेल तर नकोत.

चौकट

कोणाला जुन्या कन्सोलसाठी हवं असेल तर पॅलेटच्या आधी एक पायरी वाढते. गेम बॉय ॲडव्हान्सवर प्रत्येक चॅनेल ५ बिट, मेगा ड्राइव्हवर ३ बिट. दोन्हीकडे १६-१६ नोंदींच्या पॅलेट वापरता येतात आणि प्रत्येकीत ० क्रमांक पारदर्शक, म्हणजे अशा स्प्राइटला खरे रंग १५च. रंग ८ बिटांत निवडून शेवटी ५ बिटांत आणले तर २०० ते २०७ हे सगळे २५ होतात आणि दोन नोंदी एकसारख्या होऊन एक वाया जाते. म्हणून आधी ५ बिटांत आणा, मग रंग निवडा. पडद्यावर तपासण्यासाठी परत ८ बिटांत नेताना नुसतं ८ ने गुणलं तर पांढरा २४८ वर अडकतो आणि करडा दिसतो. ८ ने गुणून त्यात मूळ आकडा ४ ने भागून येणारा पूर्णांक मिळवा: ३१ × ८ + ७ = २५५.

नवी_फ्रेम

याच आयकॉनचं हलतं जीआयएफ करायचं असेल तर? पार्श्वभूमी पारदर्शक हवी. आधीच्या फ्रेमचे अवशेष मागे राहतात आणि रंग फ्रेमगणिक लुकलुकतात.

ठिपकेवाला

अवशेष राहतात ते डिस्पोजलमुळे. जीआयएफमध्ये प्रत्येक फ्रेमला, ती दाखवून झाल्यावर काय करायचं, ते लिहिलेलं असतं. तसंच राहू दे असं असेल तर पुढच्या फ्रेमचा पारदर्शक भाग मागचं झाकत नाही. पारदर्शक पार्श्वभूमी असेल तर पार्श्वभूमीवर परत जा हा पर्याय द्या. जिंपच्या जीआयएफ एक्स्पोर्टमध्ये ते एक फ्रेम प्रति लेयर, रिप्लेस या नावाने आहे.

लुकलुक दोन कारणांनी होते. प्रत्येक फ्रेमची पॅलेट वेगळी निघते, किंवा एरर डिफ्यूजनचे ठिपके दर फ्रेमला नव्या जागी पडतात. एफएफएमपेगमध्ये (व्हिडिओ आणि जीआयएफ बदलणारं टूल) दोन टप्प्यांत करा. पॅलेटजेनने सगळ्या फ्रेम मिळून एक पॅलेट काढा. पारदर्शकतेसाठी तो एक नोंद आपणहून राखतो, म्हणून रंग २५५. पार्श्वभूमी स्थिर आणि हालचाल थोड्याच भागात असेल तर स्टॅट्स मोड डिफ द्या, म्हणजे हलणाऱ्या भागाला जास्त रंग मिळतात. मग पॅलेटयूजमध्ये डिदर बायर, बायर स्केल ३. काही न सांगितल्यास तो सिएराचं एरर डिफ्यूजन लावतो. अल्फा थ्रेशोल्ड मुळात १२८ आहे, तो इथेच बदलता येतो. बायरचा नमुना पुन्हा पुन्हा तोच येत असल्याने फाइलही सहसा लहान होते, कारण एलझेडडब्ल्यूला (जीआयएफच्या दाबण्याच्या पद्धतीला) अशी पुनरावृत्ती आवडते.

करकरीत_कड

अनुक्रम यांच्या रीतीने स्क्रिप्ट लिहिली, डिदरिंग बंद, अंतर ओकेलॅबमध्ये. सावल्या वेगळ्या काढून ४×४ बायरने. किनार गेली, क्रमांक जागेवर आहेत. एक शंका उरली. काही फाइली आकाराने इतरांच्या जवळपास दुप्पट का येताहेत? रंग तर सगळीकडे तेच आहेत.

अल्फाधारी

बिट डेप्थ बघा. इंडेक्स्ड पीएनजी १, २, ४ किंवा ८ बिटांचं असतं. १६ पर्यंत नोंदी असतील तर ४ बिट पुरतात, सतरावी नोंद आली की थेट ८. ६४×६४ चं चित्र दाबण्याआधी ४ बिटांत २०४८ बाइट, ८ बिटांत ४०९६. काही फाइलींच्या पॅलेटमध्ये जास्तीच्या नोंदी राहून गेल्या असाव्यात. त्या २४१ भरतीच्या जागा तपासा. आणि ऑप्टीपीएनजी, ऑक्सीपीएनजीसारखी टूल शेवटी चालवत असाल तर पॅलेटला हात न लावण्याचा पर्याय द्या, ती वापरात नसलेल्या नोंदी काढून क्रम बदलू शकतात.

करकरीत_कड

तेच होतं. काही फाइलींना भरतीची पॅलेट तशीच चिकटलेली होती.

अनुक्रम

मग स्क्रिप्टच्या शेवटी तीन तपासण्या जोडून टाका: सगळ्यात मोठा क्रमांक १५ पेक्षा जास्त नाही, पॅलेटमध्ये बरोबर १६ नोंदी आहेत, आणि ० क्रमांक फक्त तिथेच आहे जिथे मूळ अल्फा १२८ पेक्षा कमी होता. सावलीचा लेयर तिसऱ्या तपासणीतून वगळा, तिथे डिदरिंगमुळे हा नियम लागू होत नाही.

डोळ्यांनी बघायचं असेल तर तपासणीपुरती एक प्रत काढून तिची पारदर्शकता बंद करा आणि ० नोंदीचा रंग भडक गुलाबी ठेवा. अंगात कुठे भोक पडलं असेल तर लगेच दिसतं. खऱ्या फाइली मात्र पांढऱ्या, काळ्या आणि मधल्या करड्या अशा तिन्ही पार्श्वभूमींवर ठेवून बघा. पांढरट किनार पांढऱ्यावर दिसत नाही, काळपट काळ्यावर दिसत नाही.